बेलग्रेडचं पडकं मिलिटरी हेडक्वार्टर पाडायला एवढी मारामारी कशाला?

शहराच्या ऐन मध्यात, जिथं फुटाफुटाला पैसा मोजावा लागतो अशा चौकात एक सरकारी बिल्डिंग उभी आहे, बॉम्ब पडून पोट फाटलेली, स्लॅब लोंबकळलेले, आणि पंचवीस वर्षं कोणी ती धड दुरुस्त पण केली नाही आणि पूर्ण पाडली पण नाही. मग सरकार म्हणालं की आता इथं भारी हॉटेल करू, तर हजारो लोक त्या पडक्या बिल्डिंगभोवती हाताला हात धरून उभे राहिले. सर्बियाच्या राजधानीतली, बेलग्रेडमधली ही गोष्ट आहे. आपल्याकडे कोणाला फोटो दाखवला की पहिलं वाक्य ठरलेलं, "पडकी शे ना भो, मंग पाडी टाका." तो प्रश्न चुकीचा नाही, आणि त्याचं उत्तर एका ओळीत बसत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी बिल्डिंग कोणती ते. युगोस्लाव्हिया नावाचा देश होता तेव्हा त्याच्या सैन्याचं हे मुख्यालय, तिकडे त्याला गेनेरालश्ताब म्हणतात, म्हणजे जनरल स्टाफचं ऑफिस, सोबत संरक्षण खातं. दुसरं महायुद्ध संपल्यावर देशाला नवीन मुख्यालय पाहिजे होतं, १९५३ मध्ये निवडक आर्किटेक्टना बोलावून स्पर्धा घेतली आणि निकोला दोब्रोविच नावाच्या माणसाचं डिझाईन निवडलं. हा माणूस १८९७ चा, जन्म हंगेरीतल्या पेच गावचा, शिक्षण बुडापेस्ट आणि प्राग, युद्धाआधी समुद्रकाठी दुब्रोवनिकच्या बाजूला हॉटेलं-बंगले बांधलेला, युद्धात पार्टिझन लोकांबरोबर, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांबरोबर, गेलेला आणि युद्धानंतर बेलग्रेडच्या नगररचनेत वरच्या पदावर बसलेला. एवढं सगळं असून बेलग्रेडमध्ये त्याच्या हातून उभं राहिलेलं मोठं काम म्हणाल तर हे एकच. साधारण १९५५ ते १९६५ या दहा वर्षांत बांधकाम चाललं आणि १९६७ ला तो गेला.

आता डिझाईनमध्ये एवढं काय आहे? मिलिटरी हेडक्वार्टर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, एक चौकोनी दगडी ठोकळा, मधोमध मोठा दरवाजा, दोन बाजूला खांब, वर झेंडा. दोब्रोविचनं यातलं काही केलं नाही. नेमानिना नावाचा मोठा रस्ता वरून स्लाविया चौकाकडून उतरत जुन्या रेल्वे स्टेशनकडे जातो, आणि त्याला क्नेझ मिलोश नावाचा दुसरा रस्ता आडवा कापतो. त्यानं नेमानिनाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन बिल्डिंगा ठेवल्या आणि दोन्हींची रस्त्याकडची बाजू पायऱ्या-पायऱ्यांनी खाली आणली, म्हणजे प्रत्येक मजला वरच्यापेक्षा थोडा पुढं, असं करत करत दोन्ही बाजू रस्त्याकडे उतरतात आणि मधे जी मोकळी जागा उरते ती खाली अरुंद आणि वर रुंद होत जाते. बिल्डिंगचा सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे ही मधली पोकळी, जिथं काहीच बांधलेलं नाही! स्टेशनकडून चढ चढत येणारा माणूस या दोघींच्या मधून शहरात शिरायचा.

लोक सांगतात ती कथा अशी की ही पोकळी म्हणजे सुत्येस्का नदीची घळ. १९४३ च्या मे-जूनमध्ये बोस्नियातल्या त्या डोंगराळ भागात जर्मन आणि इटालियन फौजांनी पार्टिझनांना घेरलं होतं, त्यांचा सेनापती टिटो, जो पुढं युगोस्लाव्हियाचा सर्वेसर्वा झाला, तो स्वतः जखमी झाला, भयंकर माणसं गेली, पण वेढा फोडून ते निघाले. नवीन देशाच्या जन्मकथेत या लढाईला फार मान. म्हणून सैन्याच्या मुख्यालयात ती घळ दगडात उभी केली असं म्हणतात. दोब्रोविच स्वतः जेव्हा या इमारतीबद्दल लिहायचा तेव्हा मात्र आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाचं नाव घ्यायचा, जागा हलती कशी वाटेल, चालणाऱ्या माणसाच्या नजरेत इमारत कशी बदलत जाईल, असं काहीतरी. मला विचाराल तर दोन्ही एकत्र नांदू शकतात, कारण सरकारी गिऱ्हाइकाला तत्त्वज्ञान कमी आणि लढाई जास्त पटते, हे तिकडचं काय नि इकडचं काय.

आणि दगड बघा. जवळून काढलेले फोटो मोठे करून बघितले तर सर्बियातल्या कोसयेरिचचा तांबूस-तपकिरी दगड, मुद्दाम खडबडीत ठेवलेला, आणि त्याच्या जोडीला आद्रियातिक समुद्रातल्या ब्राच बेटाचा पांढरा संगमरवर, गुळगुळीत पट्ट्यांनी लावलेला. खडबडीत भाग सावली धरतो, पांढरा भाग ऊन परत फेकतो, त्यामुळे एवढी लांबच्या लांब भिंत असून ती कंटाळवाणी होत नाही. आतला सांगाडा मात्र आरसीसीचा. दगड हे अंगावरचं कातडं, वजन पेलणारे कॉलम-बीम वेगळे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येते.

२४ मार्च १९९९ ला नाटोनं युगोस्लाव्हियावर बॉम्बहल्ले सुरू केले, कोसोवोच्या प्रश्नावरून, आणि ते ७८ दिवस चालले. २९ एप्रिलच्या रात्री बेलग्रेडजवळच्या आवाला डोंगरावरचा टीव्ही टॉवर पाडला आणि त्याच रात्री ३० तारीख उजाडायच्या आधी गेनेरालश्ताबवर बॉम्ब टाकले. मग ७-८ मेच्या रात्री पुन्हा. सैन्य तोपर्यंत तिथून बाहेर पडलेलं होतं, बिल्डिंग बहुतेक रिकामीच होती.

एवढं झालं तरी ती कोसळली का नाही, हा प्रश्न साइटवर काम केलेल्या माणसाला पहिला पडतो. जुन्या वाड्यासारखं भिंतीवर वजन असतं तर भिंत गेली की वरचं सगळं खाली. आरसीसीच्या फ्रेममध्ये कॉलम, बीम, स्लॅब एकमेकांना सळईनं बांधलेले असतात, एक कॉलम उडाला तर त्याचं वजन बाजूचे घ्यायला बघतात, स्लॅब तुटून पडायच्या ऐवजी सळईवर लोंबकळतो. म्हणून तो प्रसिद्ध फोटो तसा दिसतो, मजले खाली झुकलेत पण पडलेले नाहीत. पण हा काही चमत्कार नाही आणि कायमचा पण नाही. काँक्रीटचं कव्हर उडालं की सळई उघडी पडते, पाऊस आणि बर्फ लागला की गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं, फुगलं की उरलेलं काँक्रीट फोडतं, मग अजून पाणी आत. आपल्याकडे ऐंशीच्या दशकातल्या बिल्डिंगांच्या बाल्कन्यांचे पोपडे पडतात नं, तोच रोग, फक्त इथं एकाच वेळी सगळीकडे. त्यामुळे काही वर्षांनी धोकादायक झालेला काही भाग त्यांना उतरवावाच लागला.

आता इथून विषय खरा अवघड होतो. २००५ मध्ये, म्हणजे बॉम्ब पडून सहा वर्षं झाल्यावर, सर्बियाच्या सरकारनं या इमारतीला सांस्कृतिक स्मारकाचा दर्जा दिला. धडधाकट असताना दिला नव्हता, पडकी झाल्यावर दिला. बरेच जण इथंच अडकतात, की स्मारक म्हणजे सुंदर पाहिजे, पूर्ण पाहिजे, जुनं पाहिजे. तसा नियम कुठंच नाही. हिरोशिमाचा तो घुमटाचा सांगाडा १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तो पडका आहे म्हणूनच आहे. बेलग्रेडच्या बिल्डिंगला दोन किमती आहेत, एक दोब्रोविचच्या डिझाईनची आणि दुसरी त्यावर पडलेल्या बॉम्बची, आणि दुसरी आली म्हणून पहिली पुसली जात नाही.

बरं, मुख्यालयावर बॉम्ब टाकू नये असा काही कायदा होता का, तर तेही सांगतो. युद्धात सांस्कृतिक ठेवा वाचवायचा आंतरराष्ट्रीय करार १९५४ ला हेगमध्ये झाला, म्हणजे हे डिझाईन चाललं होतं त्याच काळात. त्या कराराला बळकटी देणारा दुसरा प्रोटोकॉल २६ मार्च १९९९ ला मंजूर झाला, म्हणजे बॉम्बहल्ले सुरू होऊन दोनच दिवस झाले होते! पण हा करार सैन्याच्या चालू मुख्यालयाला ढाल म्हणून वापरता येत नाही, ते लष्करी लक्ष्य धरलं जातं, कितीही सुंदर असो. आणि तेव्हा या बिल्डिंगला स्मारकाचा दर्जा पण नव्हता. म्हणून बॉम्बच्या कायदेशीरपणाची भांडणं वेगळी आणि वारशाचं भांडण वेगळं, ते दोन एकात कालवले की चर्चा नुसती गरम होते, पुढं सरकत नाही.

संरक्षित दर्जा म्हणजे नेमकं काय हे आपल्या माणसाला सातबाऱ्यावरून पटकन कळेल. तुमच्या शेतावर सोसायटीचा बोजा चढला तर शेतात काय फरक पडतो? कापूस तसाच, बांध तसाच, विहीर तशीच. फरक फक्त कागदावर, इतर हक्काच्या रकान्यात एक ओळ. पण त्या एका ओळीमुळं तुम्ही ते वावर मनाला येईल तसं विकू शकत नाही, घेणारा आधी उतारा बघतो आणि मागं सरतो. स्मारकाचा दर्जा ही तशीच ओळ. भिंतीला त्यानं एक विटेचा आधार मिळत नाही, पण ती ओळ आहे तोवर पाडायला, वाढवायला, बदलायला तज्ज्ञ संस्थेला विचारावं लागतं. आणि बोजा जसा कर्ज फिटल्याचा दाखला आणून, फेरफार टाकून, नोटीस काढून, हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याच्या सहीनंच उतरतो, तसा हा दर्जा पण ज्या वाटेनं दिला त्याच वाटेनं काढायचा असतो, म्हणजे आधी तज्ज्ञ संस्थेचा अभिप्राय, मग सरकारचा निर्णय. सगळी भानगड होते ती बोजा उतरवायच्या वेळी, चढवताना कोणी भांडत नाही.

बेलग्रेडमध्ये तेच झालं. २०२४ च्या मे महिन्यात सर्बिया सरकारनं जॅरेड कुश्नर, म्हणजे डोनाल्ड ट्रम्प यांचे जावई, यांच्या गुंतवणूक कंपनीशी करार केला, जागा ९९ वर्षांच्या भाड्यानं, गुंतवणूक साधारण ५० कोटी डॉलरची, हॉटेल, फ्लॅट, दुकानं, आणि सोबत बॉम्बहल्ल्यातल्या बळींचं स्मारक. स्मारक पाडून तिथं स्मारक बांधायचं, ते वाक्य मला दोनदा वाचावं लागलं. अडचण एकच, उताऱ्यावरची ती २००५ ची ओळ. वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेतल्या तज्ज्ञांचा दर्जा काढायला विरोध होता, तरी १४ नोव्हेंबर २०२४ ला सरकारनं दर्जा काढून टाकला. तारीख लक्षात घ्या, त्याच्या दोनच आठवडे आधी, १ नोव्हेंबरला, नोवी साद शहरात रेल्वे स्टेशनचं छत कोसळून माणसं मेली होती, नुकतंच नूतनीकरण झालेलं स्टेशन, आणि सरकारी बांधकामातल्या भ्रष्टाचारावरून अख्खा देश पेटला होता, कॉलेजची पोरं रस्त्यावर होती. गेनेरालश्ताबचं प्रकरण त्या आगीत आपोआप जाऊन पडलं.

मग मे २०२५ मध्ये त्या वारसा संस्थेच्या प्रभारी संचालकांनाच अटक झाली. ज्या तज्ज्ञ अभिप्रायाच्या जोरावर सरकारनं दर्जा काढला तो कागदच बनावट असल्याचा आरोप, आणि सरकारी वकिलांनी सांगितलं की संचालकांनी तशी कबुली दिली आहे. आपल्याकडे धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासूनचं, तिथं जुनी दप्तरं हाताळणारी माणसं कागद हातात आला की मजकुराच्या आधी तो लिहिला कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून, शिक्का कोणाचा, हे बघतात. बेलग्रेडच्या वकिलांनी फार वेगळं काही केलं नाही, फक्त त्यांचा कागद चारशे वर्षांचा नव्हता, सहा महिन्यांचा होता.

इथं कोणी म्हणेल की पकडलं ना, मग संपलं. नाही संपलं. सरकारनं दुसरी वाट धरली. ७ नोव्हेंबर २०२५ ला संसदेनं फक्त या एका जागेसाठी खास कायदा मंजूर केला, त्याला लेक्स स्पेशियालिस म्हणतात, लॅटिन नाव आहे म्हणून भारी वाटतं पण अर्थ एवढाच की सगळ्यांना लागू असलेला नियम या प्रकरणापुरता बाजूला, इथं वेगळा नियम. म्हणजे बनावट कागदानं दर्जा निघाला की नाही हा वादच निकामी करायचा. आणि कायदा संसदेनं केलेला, म्हणजे दिसायला सगळं रीतसर. चारच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध संपल्याच्या दिवशी, तिकडे त्या दिवशी सुट्टी असते, हजारो लोकांनी त्या बिल्डिंगभोवती साखळी केली. मी सुरुवातीला सांगितलं ते हेच.

माझं म्हणणं या सगळ्यात एका जागी येऊन थांबतं. बिल्डिंग पाडावी की ठेवावी यावर सज्जन माणसांची दोन मतं असू शकतात, बेलग्रेडमध्येही आहेत, रोज ऑफिसला जाताना ते भोक बघणाऱ्या माणसाला ते नको वाटलं तर त्याला आपण काय शिकवणार. पण मालक सरकार, भाड्यानं देणारं सरकार, दर्जा देणारं-काढणारं सरकार, आणि अडलं तर कायदा बदलणारं पण सरकारच, मग त्या उताऱ्यावरच्या ओळीला किंमत काय उरली? मधे जी तज्ज्ञ संस्था असते ती एवढ्यासाठीच की विकणारा आणि नोंद ठेवणारा एकच हात नसावा. ती संस्था वाकली की राहिलेला कायदा नुसता कागद. म्हणून मला त्या संचालकाच्या अटकेची बातमी हॉटेलच्या बातमीपेक्षा मोठी वाटते, आणि त्या संस्थेतल्या ज्या लोकांनी सही द्यायला नकार दिला त्यांच्याबद्दल कोणी फार लिहिलं नाही याचं वाईट वाटतं.

१५ डिसेंबर २०२५ ला सर्बियाच्या सांस्कृतिक मंत्र्यांसह चार जणांवर आरोपपत्र दाखल झालं आणि त्याच दिवशी कुश्नरच्या कंपनीनं प्रकल्पातून अंग काढून घेतलं. युरोपातल्या वारसा संघटनांचा मोठा महासंघ आहे, युरोपा नोस्त्रा, त्यांनी २०२५ च्या सात सर्वाधिक धोक्यातल्या ठिकाणांच्या यादीत ही बिल्डिंग आधीच घातली होती. हॉटेलवाले गेले तरी बिल्डिंगचं दुखणं तसंच आहे, सळई काही कोर्टाच्या तारखा बघून गंजत नाही.

मग अशा इमारतीचं करायचं काय? जगात चार-पाच वाटा वापरून झाल्यात. वॉर्सा शहराचा जुना भाग जर्मनांनी पार जमीनदोस्त केला होता, पोलंडच्या लोकांनी तो जुनी चित्रं, नकाशे बघून जसाच्या तसा परत बांधला आणि १९८० ला तो जागतिक वारसा यादीत गेला. बेलग्रेडनं स्वतः आवालाचा टीव्ही टॉवर परत बांधून २०१० ला सुरू केला. पण टॉवरचं काम प्रसारणाचं, तो परत पाहिजेच होता, आणि त्याच्या पडण्याला स्मारक म्हणून कोणी बघत नव्हतं. बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म चर्चचं १९४३ च्या हल्ल्यात तुटलेलं शिखर तसंच ठेवलं आणि शेजारी एगॉन आयरमाननं साठच्या दशकाच्या सुरुवातीला अगदी नवीन, निळ्या काचांचं चर्च उभं केलं, जुनं जुनंच दिसतं आणि नवीन नवीनच. १९६४ चा व्हेनिसचा जाहीरनामा, ज्याला जगभरचे वारसावाले मानतात, तो पण साधारण हेच म्हणतो की नवीन भर घातली तर ती ओळखू आली पाहिजे, जुन्यात लपवून खोटा इतिहास तयार करू नका.

माझी पसंती बर्लिनच्या वाटेला. सांगाडा आधी वाचवायचा, म्हणजे पाणी आत जायच्या वाटा बंद करायच्या, उघड्या सळईचा गंज काढून लेप द्यायचा, लोंबकळलेले स्लॅब खालून टेकू देऊन तिथंच थांबवायचे, हे सगळं होतं, महाग आहे पण होतं. मग जो भाग कमी बिघडलाय तो वापरात आणायचा, ऑफिस करा, म्युझियम करा, कॉलेज करा, कारण वापरात नसलेली बिल्डिंग कितीही दर्जा द्या, मरते. आणि मधली ती पोकळी, घळ म्हणा नाहीतर काही म्हणा, तिला हात लावायचा नाही. तिथं उंच टॉवर आला की दोब्रोविचचं डिझाईन गेलं, मग बाजूला दोन भिंती ठेवून उपयोग नाही.

आता आपल्या देशात ही बिल्डिंग असती तर? इथं मात्र आपली परिस्थिती त्यांच्यापेक्षा लंगडी आहे. आपला केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा १०० वर्षांची अट घालतो. १९६५ ला पूर्ण झालेली बिल्डिंग त्या दारात उभी पण राहू शकत नाही. दिल्लीत प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स बघा, राज रेवल आर्किटेक्ट, महेंद्र राज इंजिनिअर, १९७२ ला उभं राहिलेलं, एवढं मोठं काँक्रीटचं स्पेस फ्रेम, म्हणजे दांड्या तिरप्या जोडून केलेला जाळीसारखा सांगाडा, जगात दुसरीकडे नव्हतं. देश-परदेशातून पत्रं आली, कोर्टकचेरी झाली, पण वारसा समितीचं म्हणणं पडलं की ६० वर्षं झालेल्या इमारतींचाच विचार करू, आणि एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत पाडलं. म्हणजे सर्बियात दर्जा काढायला बनावट कागद लागला, आपल्याकडे दर्जाच नसल्यामुळं तेवढाही त्रास पडला नाही.

दर्जा मिळालेल्या जागांची प्रक्रिया मात्र आपल्या कायद्यात बऱ्यापैकी स्पष्ट आहे. केंद्रानं एखादं ठिकाण संरक्षित करायचं तर राजपत्रात सूचना, तिची प्रत त्या जागेवर डकवायची, दोन महिने हरकतींना, मग अंतिम घोषणा. काढायची सोय पण आहे, कलम ३५, की हे ठिकाण आता राष्ट्रीय महत्त्वाचं राहिलं नाही. २०२४ मध्ये अशी १८ ठिकाणं यादीतून कमी करायची सूचना निघाली, त्यातली बरीचशी सापडतच नव्हती, वस्तीखाली, रस्त्याखाली गेलेली, एखादा कोस मिनार, म्हणजे जुन्या रस्त्यावरचा अंतर दाखवणारा मनोरा, एखादी जुनी कबर. तेव्हाही हरकतींना दोन महिने दिले होते. पेपरात बातमी आली, आपल्यापैकी किती जणांनी वाचली?

आणि दर्जाचा चटका सामान्य माणसाला बसतो हेही खरं. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवीन बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवचं देऊळ आहे, तिकडे थाळनेरला खान्देशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, अशा गावात ज्याचं घर त्या वर्तुळात येतं त्याला वरचा मजला चढवायचा म्हटलं तरी दिल्लीपर्यंत कागद फिरतो. त्याचं चिडणं मला पटतं. त्या माणसाला गुन्हेगार ठरवून वारसा जपला जात नाही, त्याला परवानगीचा कागद वेळेत द्या, तो उलट राखण करेल.

लष्करी मुख्यालयं म्हणाल तर खान्देशात पण होऊन गेली. थाळनेरचा किल्ला फारुकींची पहिली राजधानी, पुढं होळकरांकडे, आणि २७ फेब्रुवारी १८१८ ला सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेनं तो घेतला तेव्हा दरवाजात दोन इंग्रज अधिकारी पडले म्हणून आतली अरबांची शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. तापीच्या काठावर आज जे बुरूज आणि मातीचे ढिगारे दिसतात ते बघून ही गोष्ट कोणाला सुचणार नाही. मग १८२५ ला लेफ्टनंट जेम्स आऊट्रमनं भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली आणि तिचं मुख्यालय धरणगावला ठेवलं, ज्यांना कंपनी सरकार सात वर्षं दरोडेखोर म्हणून डोंगरात शोधत होतं त्यांनाच पगार, बंदूक आणि गणवेश देऊन. हे कौतुकानं सांगायचं की संतापानं, यावर धरणगावात बसून रात्रभर बोलता येईल. पण त्यासाठी जागा ओळखू आली पाहिजे, शिपायांच्या राहायच्या लाइनी कुठं होत्या, परेड कुठं व्हायची. बेलग्रेडच्या लोकांकडे निदान भांडायला भिंत उरली आहे.

तुमच्या गावात असं काही जुनं ठाणं, गढी, किल्ला, छावणी असेल आणि त्याला दर्जा आहे का ते बघायचं असेल, तर पहिल्यांदा जागेवर जाऊन निळा बोर्ड शोधा आणि त्यावरचं कायद्याचं साल वाचा. १९५८ लिहिलं असेल तर केंद्राचं, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं, १९६० लिहिलं असेल तर महाराष्ट्राच्या पुरातत्त्व संचालनालयाचं. दोन्हींचे नियम आणि ऑफिसं वेगळी, एकाकडे केलेला अर्ज दुसरीकडे आपोआप जात नाही. बोर्ड गंजून वाचता येत नसेल किंवा नसेलच तर राजपत्रातली अधिसूचना मागा, माहितीच्या अधिकारात मिळते, आणि ती मिळाली की त्यातला गट नंबर आणि चतुःसीमा आजच्या मोजणीच्या नकाशावर ठेवून बघा. कारण अधिसूचना जुन्या आहेत, गावं वाढलीत, सर्व्हे नंबरचे गट नंबर झालेत, आणि हद्द नेमकी कुठपर्यंत हेच कोणी दाखवू शकलं नाही तर १०० मीटर मोजायचे कुठून हा प्रश्न येतो, मग अतिक्रमण करणारा आणि ते काढायला आलेला साहेब दोघंही आपापला नकाशा दाखवत बसतात.